गल्लीत सिमेंट रस्ता येतोय? आधी पातळी मोजा

नागपुरात उन्हाळा लागला की गल्ल्यांमध्ये चुन्याच्या रेषा दिसू लागतात. मागोमाग जेसीबी येतो, जुनं डांबर उखडलं जातं, आणि बहुतेक लोक तेव्हा कुठे चौकशी सुरू करतात. तोवर उशीर झालेला असतो. रस्ता किती उंच होणार, पावसाचं पाणी कुणाकडे वळणार, कोणतं झाड जाणार, हे सगळं कागदावर आधीच ठरलेलं असतं. ज्यांच्या ले-आउटात काम मंजूर झालंय पण अजून फावडं लागलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी पाटबंधारे खात्यात आरेखक होते. कालव्यांचे उभे छेद, म्हणजे लांबीभर कुठे किती उंची आहे ते दाखवणारे नकाशे, काढण्यात नोकरी गेली, त्यामुळे कुठलंही काम दिसलं की माझी नजर आधी उंचीवर जाते. रस्ता नको, असं माझं अजिबात म्हणणं नाही. आमचा ले-आउट काळ्या मातीवर वसलाय. कच्चा रस्ता होता तेव्हा पावसाळ्यात ॲम्ब्युलन्स आत येत नव्हती आणि पोरं चपला हातात घेऊन शाळेत जायची. रस्ता हवाच होता. पण तोच रस्ता दहा वर्षांनी घरात पाणी घालणार असेल आणि तीस वर्षांचा कडुनिंब वाळवणार असेल, तर आधी दोन शब्द बोलायला हवेत.

कागद मिळवा

पहिली गोष्ट, रस्ता कुणाचा आहे ते शोधा. महानगरपालिका, नागपूर सुधार प्रन्यास, सार्वजनिक बांधकाम विभाग, महामेट्रो, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, यांपैकी कुणाचाही असू शकतो. चुकीच्या दारात अर्ज दिला की तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो आणि इकडे काँक्रीट पडून मोकळं होतं. मनपाचा असेल तर आपल्या झोन कार्यालयात जा आणि कनिष्ठ अभियंत्याला भेटा. मागायचं ते असं: कार्यादेशाची प्रत, अंदाजपत्रक, रस्त्याचा उभा (लांबीतला) आणि आडवा (रुंदीतला) छेद, पावसाळी नालीचा नकाशा, आणि झाडं तोडायची असतील तर त्यांची यादी.

चांगल्या शब्दांत मागितलं तर पुष्कळदा समोरच बसून बघायला मिळतं. नाही मिळालं तर माहिती अधिकाराचा अर्ज. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. या कायद्यात कागदाच्या प्रतींखेरीज कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. तो फार थोडे लोक वापरतात. अर्जात ‘रस्त्याच्या कामाची संपूर्ण माहिती द्यावी’ असं मोघम लिहू नका. ‘अमुक चौक ते अमुक मंदिर या रस्त्याच्या मध्यरेषेची प्रस्तावित तयार पातळी, दर १० किंवा २० मीटरवर’ असं नेमकं लिहा. नेमकं विचारलं की टाळता येत नाही.

पातळी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

सिमेंटचा थर साधारण २० सेंटिमीटरचा, आणि त्याखाली लीन, म्हणजे कमी सिमेंटच्या, काँक्रीटचा दहा-पंधरा सेंटिमीटरचा. जुना रस्ता खोदून न काढता त्याच्यावरच हे चढवलं तर रस्ता एका दमात फूटभर वर येतो. ज्यांची घरं वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची आहेत त्यांचं जोतं तेव्हाच्या रस्त्याच्या हिशेबानं बांधलेलं असतं. मग फाटकातून पाणी आत, आणि अंगणातलं पाणी बाहेर जायला वाट नाही. नागपुरात हे इतक्या वस्त्यांमध्ये झालंय की वेगळं उदाहरण द्यायची गरज नाही.

आता पाण्याचा हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. गल्ली शंभर मीटर लांब आणि सात मीटर रुंद धरा, म्हणजे ७०० चौरस मीटर. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे शहरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. तसा पाऊस पुन्हा आला तर त्या एका गल्लीवर ७०,००० लिटर पाणी पडणार, म्हणजे पाच हजार लिटरचे चौदा टँकर. पूर्वी त्यातलं काही कडेच्या मातीत मुरायचं. भिंतीपासून भिंतीपर्यंत काँक्रीट केलं की जवळजवळ सगळं धावत सुटतं, आणि प्रत्येक घराच्या गच्चीचं पाणी त्यात वेगळं. त्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला, आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत लोकांच्या घरांत टोंगळाभराहून जास्त पाणी शिरलं. तलावाच्या सांडव्यापुढच्या अडथळ्यांचा प्रश्न पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. सांडव्याची ती बाजू तर आहेच. पण शहरातली प्रत्येक पक्की केलेली गल्ली नदीकडे पाणी जास्त वेगानं ढकलते, हेही तितकंच खरं.

म्हणून मोजमाप. यंत्र लागत नाही, मिस्त्री लोकांकडे असते ती बोटभर जाडीची पारदर्शक नळी पुरे, पंधरा-वीस मीटर लांबीची. सकाळी लवकर घ्या. उन्हात नळीचा एक भाग तापतो, सावलीतला थंड राहतो आणि मापात फरक पडतो. एक टोक उंचावर ठेवलेल्या बादलीत बुडवून दुसऱ्या टोकानं पाणी ओढून घ्या. नळीत बुडबुडा राहिला असेल तर बोटानं टिचक्या मारत तो बाहेर काढा. बुडबुड्यासकट घेतलेलं माप कामाचं नाही. मग दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरून बघा. पाणी एकाच रेषेत थांबलं की नळी तयार.

आता हलणार नाही अशी एक जागा निवडा. आम्ही मारुतीच्या देवळाचा दगडी ओटा धरला. विजेचा खांब घेऊ नका, रुंदीकरणात तोच आधी हलतो. एकानं नळीचं टोक ओट्याजवळ धरायचं, दुसऱ्यानं घराच्या फाटकाजवळ, आणि टोकावरचा अंगठा काढून पाणी स्थिर होऊ द्यायचं. दोन्हीकडे पाण्याच्या रेषेवर पेन्सिलनं खूण करायची. ओट्याकडे रेषेपासून ओट्यापर्यंत टेप लावा, घराकडे रेषेपासून फाटकाच्या उंबऱ्यापर्यंत. दोन मापांतला फरक म्हणजे ओटा आणि उंबरा यांच्या उंचीतला फरक. तसंच जोत्याचं, नालीच्या कडेचं, गडरलाइनच्या (सांडपाण्याच्या लाइनच्या) चेंबरच्या झाकणाचं आणि आजच्या रस्त्याच्या मध्याचं माप घ्या. लांबच्या घरासाठी मध्ये एक खूण करून तिथून पुढे जायचं. वहीत घर क्रमांकानुसार तक्ता करा आणि सगळ्यात खोल घराखाली लाल रेघ मारा. पुढची सगळी चर्चा त्या एका घराच्या आकड्यावर होणार आहे.

अभियंत्यांकडे त्यांचा बेंचमार्क, म्हणजे उंची ठरलेली एक पक्की खूण, असतो, त्याला ते टीबीएम म्हणतात. तो कुठे आहे ते विचारा आणि तिथून आपल्या ओट्यापर्यंत नळी लावा. म्हणजे त्यांचे आकडे आणि तुमचे आकडे एका भाषेत आले. सिमेंट रस्त्याला मधून कडेला साधारण दोन टक्के उतार देतात. सात मीटरच्या रस्त्यात मध्यापेक्षा कड सात सेंटिमीटर खाली जाते. तेवढं वजा करून रस्त्याची कड तुमच्या सगळ्यात खोल उंबऱ्याच्या किती खाली राहते ते काढा. माझा आग्रह किमान १५ सेंटिमीटरचा असतो.

आमच्याकडे काम सुरू झालं तेव्हा सुपरवायझर म्हणाला, “काकू, लेव्हल ड्रॉइंगप्रमाणेच आहे.” मी म्हटलं, “असेल ना भाऊ. ड्रॉइंग उघडा, हा तक्ता घ्या, आणि या कोपऱ्यावरच्या घराचं तुम्हीच सांगा.” त्यानं स्वतः टेप धरला. रस्त्याची कड त्या घराच्या उंबऱ्याच्या वर येत होती. त्यानं साहेबांना फोन लावला, साहेब आले, त्यांनी आपल्या यंत्रानं पुन्हा तपासलं आणि त्या टोकाला बॉक्स कटिंग, म्हणजे थर टाकण्याआधीची खोदाई, जास्त खोल घ्यायला सांगितलं. भांडण झालं नाही. आकडा समोर असला की आवाज चढवावा लागत नाही, आणि अभियंत्यालाही वर उत्तर देता येतं.

खोदाई होत असताना एक काम नक्की करा. गडरलाइन, नळाची लाइन, केबल, ज्याला जे बदलायचंय ते आताच बदलून घ्यायला लावा, आणि पुढच्या केबलसाठी रस्त्याखालून आडवे रिकामे पाइप टाकून मागा. नवा सिमेंट रस्ता सहा महिन्यांत फोडावा लागला की तेवढं सिमेंट, गिट्टी आणि पाणी पुन्हा लागतं, आणि फोडलेली पट्टी पुढे कायम खचत राहते.

पाणी कुठे जाणार?

रस्त्यासोबत नाली आहे की नाही ते नकाशात बघा. नाली आहे म्हणून समाधान मानू नका, तिचं शेवटचं टोक कुठे उघडतं ते पायी जाऊन बघा. छत्री घेऊन भर पावसात गेलात तर सगळ्यात उत्तम. कधी नाली पुढच्या रिकाम्या प्लॉटमध्ये संपते, कधी सरळ गडरलाइनच्या चेंबरमध्ये सोडलेली असते. हे दुसरं तर अजिबात होऊ देऊ नका. गडरलाइन घरातल्या सांडपाण्यासाठी असते. पावसाचं पाणी तिच्यात घुसलं की खालच्या घरांच्या संडासातून मैला उलटा वर येतो. उरलेलं सगळं नाल्यातून नाग किंवा पिवळी नदीत, तिथून कन्हानमध्ये, वैनगंगेत आणि शेवटी गोसीखुर्दच्या जलाशयात जाऊन बसतं. ज्या धरणांच्या पाण्यावर विदर्भाची शेती उभी राहावी म्हणून आम्ही नकाशे काढले, त्यात नागपूरची घाण जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

रस्त्याच्या कडेला मातीची पट्टी मागा, जमलं तर मीटरभर, नाहीतर अर्धा मीटर तरी. लोक स्वतःच गट्टू (पेव्हर ब्लॉक) लावून मागतात, चिखल नको म्हणून. पण पाणी मुरायला तेवढीच जागा उरलेली असते, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की काँक्रीट अर्ध्या रात्रीपर्यंत गरम असतं. पट्टीत गवत आणि झुडपं लावली तर चिखलही होत नाही. जुनी विहीर असेल तर ती बुजवू नका. गच्चीचं पाणी वाळू-गिट्टीच्या गाळणीतून तिच्यात सोडा. रस्त्यावरचं पाणी मात्र विहिरीत कधीच नाही, त्यात तेल आणि घाण असते.

झाडं

काम सुरू होण्याआधी प्रत्येक झाडाचा फोटो काढा, बुंध्याचा वेगळा आणि पूर्ण झाडाचा वेगळा. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण १.३७ मीटरवर, टेप गुंडाळून घेर लिहा. झाडाचं नाव आणि घर क्रमांक लिहा. ही यादी मनपाच्या उद्यान विभागात देऊन पोच घ्या. नंतर ‘इथे झाडच नव्हतं’ असं कुणी म्हणू शकत नाही.

शहरातल्या झाडांसाठी राज्याचा १९७५ चा कायदा आहे. परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि परवानगीआधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते, झाडावरही नोटीस लावावी लागते. ती वाचा आणि दिलेल्या मुदतीत लेखी हरकत नोंदवा. हरकतीत ‘झाडं वाचवा’ एवढंच लिहू नका. झाडाचा क्रमांक, घेर, आणि रस्ता किंवा नाली किती सरकवली तर झाड राहतं ते मीटरमध्ये लिहा, शक्य तर हातानं काढलेला नकाशा जोडा. नाली एका झाडापुरती वळवता येते, हे मी ठामपणे सांगते. कालवेसुद्धा वळवले जातात. २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षं किंवा जास्त वयाचं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची आणि ती सात वर्षं जगवायची तरतूद आली. म्हणून हरकतीत वयाचा मुद्दा जरूर मांडा. वस्तीतल्या आजी-आजोबांना विचारा, झाड कुणी आणि केव्हा लावलं ते त्यांना माहीत असतं.

कुऱ्हाडीपेक्षा जास्त झाडं मुळं तुटून आणि बुंध्याला काँक्रीट आवळून जातात. अन्न-पाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दोन फुटांतच असतात. जेसीबीनं बुंध्याला लागून चर मारला की झाड लगेच पडत नाही. दोन-तीन पावसाळ्यांनंतर वादळात पडतं आणि मग सगळे वाऱ्याला दोष देतात. झाडाजवळचा चर मजुरांकडून हातानं खोदून घ्या. मनगटाएवढं मूळ लागलं तर ते तोडू नका, पाइप त्याच्याखालून काढा. बारीक मूळ तोडावंच लागलं तर करवतीनं सरळ कापून, चर उघडा न ठेवता त्याच दिवशी मातीनं बुजवा.

बुंध्याभोवती मीटरभर जागा मोकळी ठेवायला सांगा. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी एक मीटर परिघातलं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता, अर्जात त्याचा उल्लेख करा. आधीच आवळलेलं झाड असेल तर छन्नी-हातोड्यानं बाहेरून बुंध्याच्या दिशेनं थोडं थोडं फोडत या. ब्रेकर बुंध्याला लावू नका, साल सुटते. मलबा हातानं उचला, दबलेली माती वरवर मोकळी करा, शेणखत मिसळलेली माती भरा, पण बुंध्यावर ढीग करू नका. तिथे ओल धरून साल कुजते. पहिला उन्हाळा आठवड्यातून दोनदा पाणी द्या. फोडण्याआधी उद्यान विभागाला कळवलेलं बरं.

धूळ, आवाज, मलबा

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत नागपूर आहे, म्हणजे इथली हवा ठरलेल्या मर्यादेत नाही. केंद्रानं जानेवारी २०१८ मध्ये बांधकामाच्या धुळीसाठी नियम केले: माती-वाळू झाकून ठेवायची, पाणी शिंपडायचं, ट्रकवर ताडपत्री हवी, कटिंग उघड्यावर करायचं नाही, आणि या उपायांचा फलक जागेवर लावायचा. फलक नसेल तर तक्रारीची सुरुवात तिथून करा. शिंपडायला पिण्याचं पाणी नको, प्रक्रिया केलेलं मागा. भांडेवाडीला तसं पाणी तयार होतं. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत रहिवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवता येत नाहीत.

उखडलेला मलबा नाल्याच्या काठी किंवा कुणाच्या रिकाम्या प्लॉटमध्ये टाकलेला दिसला तर गाडीच्या नंबरप्लेटसह, वेळ दिसेल असा फोटो काढा आणि त्याच दिवशी झोनला द्या. नाला अरुंद होतो तो असाच, एकेका ट्रॉलीनं.

मोठा प्रकल्प असेल तर

गल्लीपेक्षा मोठं काम असेल तर वाट वेगळी. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते, तिची सूचना किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात येते आणि अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात बघायला मिळतो. कोराडीच्या नव्या वीज संचांची सुनावणी मे २०२३ मध्ये अशीच झाली. पण शहरातले बहुतेक रस्ते, उड्डाणपूल आणि मेट्रो यांना ही सुनावणी लागतच नाही. तिथे सामान्य माणसाला बोलायची जागा म्हणजे झाडांची नोटीस. अजनीच्या रेल्वे वसाहतीतल्या झाडांसाठी २०२१ मध्ये नागपूरकरांनी हरकतींचे ढीग लावले ते याच वाटेनं.

हरकत असो की अर्ज, दहा घरांनी मिळून एकच द्या. खाली सगळ्यांच्या सह्या, सोबत तक्ता आणि फोटो. प्रत्येक कागदावर शिक्का-तारखेची पोच घ्या, व्हॉट्सॲपवरच्या ‘ओके साहेब’ला पुढे कोणी विचारत नाही. मजुरांना पाणी द्या, सुपरवायझरला चहा द्या. चूक आधी त्यांना दिसते आणि ओळख असली तर ते सांगतात.

पहिला पाऊस

रस्ता झाला की कंत्राटदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे रस्त्यातले दोष त्यानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायची मुदत, सुरू होतो. तो किती वर्षांचा आहे ते कार्यादेशात लिहिलेलं असतं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याची शेवटची तारीख मांडून ठेवा. पहिल्या मोठ्या पावसात गल्लीतून एक चक्कर मारा. पाणी कुठे साचलं तिथे खडूनं गोल करा, किती बोटं साचलं ते लिहा, नालीची तोंडं उघडी आहेत का बघा. काँक्रीट ओतताना ती पुष्कळदा अर्धी बुजलेली असतात. पाऊस थांबल्यावर तासाभरानं पुन्हा जा आणि तेव्हाही उरलेल्या पाण्याचे फोटो काढा. मग लाल रेघ मारलेल्या घराचा उंबरा नळीनं पुन्हा मोजा. हे सगळं एका अर्जात घालून त्याच आठवड्यात झोनला द्या, दुरुस्तीचा खर्च तेव्हा कंत्राटदाराच्या अंगावर असतो.